पीपी शीटचं थर्मोफॉर्मिंग: एचआयपीएसच्या मशीनवर पीपी चढवताना

पातळपत्रा (धागाकर्ता)

रोलवर चालणारं थर्मोफॉर्मिंग मशीन आहे, म्हणजे प्लास्टिकची शीट तापवून साच्यात ओढून माल काढणारं. ओव्हनमध्ये वर-खाली सिरॅमिक हीटर, प्लग (शीट साच्यात ढकलणारा दट्ट्या) आणि ५ बार हवेवर फॉर्मिंग, ट्रिमिंग (माल कापून सुटा करणं) पुढच्या वेगळ्या प्रेसवर. ग्लासचा साचा एचआयपीएससाठी (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) केलेला आहे: तोंड आतून ७५ मिमी, तळ ५० मिमी, उंची १०० मिमी, आडव्या रांगेत ६ कॅव्हिटी (ग्लासचे खळगे), पिच (दोन केंद्रांमधलं अंतर) ८५ मिमी. याच साच्यावर आता पीपी (पॉलिप्रोपिलीन) चालवायचं आहे. शीट १.२ मिमी, होमोपॉलिमर, एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतं याचा आकडा) ३, रंग न घातलेली.

एचआयपीएसचंच सेटिंग घेऊन हीटर तेवढे वाढवले. त्रास चार प्रकारचा आहे. ओव्हनच्या शेवटच्या झोनमध्ये शीट झोळ धरते आणि खालच्या हीटरच्या जाळीला टेकायला येते. एका कॅव्हिटीत तळ जाड तर शेजारच्या कॅव्हिटीत तळाचा कोपरा कागदासारखा. झाकण ढिलं बसतं. आणि कापलेल्या काठाला केस (बारीक धागे) लोंबतात. सुरुवात कुठून करावी?

साचेवाला

या चार तक्रारी दिसतात वेगळ्या, पण मूळ एकच आहे. एचआयपीएस अस्फटिकी आहे, त्याच्या साखळ्या कुठेही नीट रचलेल्या नसतात. तापत जाईल तसं हळूहळू मऊ होतं आणि ४०-५० अंशांच्या पट्ट्यात कुठेही चाललं तरी माल निघतो. पीपी अर्धस्फटिकी, काही भागात साखळ्या नीट रचून स्फटिक झालेले असतात. होमोपॉलिमर १६० ते १६५ अंशांना वितळतं. त्याच्या ८-१० अंश खाली ते ताठ असतं आणि १० अंश वर गेलं की मधासारखं ओघळायला लागतं. काम करायची जागा त्या दोहोंच्या मधली फट. सेटिंग थोडं वर-खाली करून पीपी चालेल या समजुतीवरच बहुतेक चाचण्या फसतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्फटिक मोडायलाच किलोमागे साधारण १०० किलोज्यूल जातात. पूर्ण स्फटिकी पीपीची वितळण्याची उष्णता ग्रॅमला सुमारे २०९ ज्यूल धरतात आणि शीटमध्ये निम्म्याच्या आसपास स्फटिक असतात. शिवाय पीपीची विशिष्ट उष्माही जास्त. एकूण हिशोबात किलोमागे एचआयपीएसच्या ढोबळमानाने दुप्पट उष्णता लागते. पीपी हलकं आहे, घनता ०.९० ते ०.९१, एचआयपीएसची १.०५. म्हणून त्याच जाडीच्या चौरस मीटरला हिशोब दुपटीऐवजी पावणेदोन पटीच्या आसपास येतो.

आता ओव्हनची लांबी तीच आहे. मिनिटाला २० शॉट (मशीनचे फेरे) एचआयपीएसवर निघत असतील, तर त्याच ओव्हनवर पीपीचे १२ च्या आसपासच धरा. हीटर वाढवून वेग टिकवायला गेलात की वरची कातडी वितळून ओघळते आणि पोटात शीट अजून घट्ट राहते. पहिली दुरुस्ती हीटर कमी करण्याची आणि सायकल लांबवण्याची.

तापमापी

+१. उष्णता पोटापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गावर जातो हे लक्षात ठेवा. जाडी दुप्पट केली की आत मुरायला चौपट वेळ. त्यामुळे १.२ मिमी चालली म्हणून २.४ मिमी दुप्पट वेळात चालेल असं होत नाही.

हीटरचं सेटिंग म्हणजे शीटचं तापमान नव्हे, हेही इथे सांगून ठेवतो. डिस्प्लेवर ५०० दिसत असेल तर तो आकडा हीटरचा. शीटचा आकडा शीटवरच मोजावा लागतो. साधी ८ ते १४ मायक्रॉनची इन्फ्रारेड गन पातळ, बिनरंगी पीपीवर फसवते, कारण त्या लहरींना पातळ शीट आरपार असते आणि गन मागच्या गरम हीटरचं तापमानही त्यात मिसळते. पातळ पीपीसाठी ३.४३ मायक्रॉनच्या फिल्टरचा पायरोमीटर (न टेकता तापमान मोजणारं यंत्र) लागतो. त्या लहरीवर पीपी जोरदार शोषतं, म्हणून तो खरोखर शीटलाच बघतो. जाड किंवा रंगीत शीटवर साधी गन चालून जाते.

हीटर कोणते हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून त्याच कारणाने सांगतो. पीपीचा शोषणाचा मोठा पट्टा ३.४ ते ३.५ मायक्रॉनला आहे. हीटरचा पृष्ठभाग ५५० ते ६०० अंशांना असताना त्याची किरणं सर्वांत जास्त याच पट्ट्यात पडतात. सिरॅमिक हीटर आरामात तिथे चालतात. हॅलोजन फार तापून लहान लहरी सोडतात. त्या शीटमध्ये खोल शिरतात, जाड मालाला ते उपयोगी आहे, पण पातळ बिनरंगी शीटमधून बऱ्याचशा निसटून जातात.

पातळपत्रा

पायरोमीटर सध्या नाही. डोळ्यांनी काही ओळखता येतं का?

साचेवाला

येतं, आणि बिनरंगी शीटवर तर फार छान येतं. थंड पीपी दुधाळ असतं, कारण स्फटिकांमुळे प्रकाश विखुरतो. वितळलं की ते काचेसारखं स्वच्छ होतं. ओव्हनच्या शेवटच्या टोकाला दिवा धरून बघा. सगळी शीट स्वच्छ झाली असेल आणि एखाद्या जागी ढगासारखा पांढरट डाग उरला असेल, तर तिथे अजून स्फटिक शिल्लक आहेत. त्या डागाची कड बऱ्यापैकी रेखीव असते. डाग नेहमी एकाच कॅव्हिटीवर येत असेल तर त्याच्या वरचा किंवा खालचा एखादा हीटर मेलेला किंवा अशक्त झालेला असतो. तुमची जाड तळाची कॅव्हिटी कुठली आणि पांढरा डाग कुठे, हे जुळवून पाहा. बहुतेक एकच जागा निघेल.

रंगीत माल चालवायचा असला तरी पहिली चाचणी बिनरंगी शीटवरच करा. झोनचा नकाशा तिथेच कळतो. पांढरा रंग घातलेल्या शीटमध्ये यातलं काही दिसत नाही.

दाणेदार

ग्रेडबद्दल कोणी बोललेलं नाही. होमो (नुसत्या प्रोपिलीनचं), रँडम आणि ब्लॉक (दोन्ही कोपॉलिमर, थोडं इथिलीन मिसळलेली) असे तीन पीपी असतात. रँडम कोपॉलिमर साधारण १४५-१५० ला वितळतं, जास्त स्वच्छ दिसतं आणि कमी ताठ असतं. ब्लॉक कोपॉलिमर होमोएवढ्याच तापमानाला वितळतं, पण थंडीत फुटत नाही. होमो शून्य अंशांच्या आसपास ठिसूळ होतं, म्हणून फ्रीजरमध्ये जाणारा डबा होमोचा करू नये.

एमएफआय ३ (२३० अंश, २.१६ किलो) बरोबर आहे. इंजेक्शनचा १० किंवा १२ चा दाणा शीटसाठी घेतला तर झोळ आवरणार नाही. वितळलेल्या पीपीच्या साखळ्या सरळ असतात, एकमेकींत फार अडकत नाहीत, म्हणून वितळल्यावर ताकद उरत नाही. लांब फांद्यांची हाय मेल्ट स्ट्रेंग्थ पीपी मिळते. ती थोड्या प्रमाणात मिसळली तरी झोळ कमी होतो. महाग पडते, म्हणून आधी बाकीचे उपाय.

टाल्क (शंखजिऱ्याची पूड) २० टक्के घातला की झोळ आणि आकुंचन दोन्ही उतरतं, ताठपणा वाढतो. पण घनता १.०४ च्या आसपास जाते, म्हणजे वजनातला फायदा गेला, आणि स्वच्छपणाही गेला. ग्लाससाठी टाल्क नको, ट्रे आणि जाड डब्यासाठी विचार करावा.

झोळकर

झोळावर मशीनचे उपायही आहेत. शीट दोन्ही काठांनी धरून नेणाऱ्या चेनचे रूळ ओव्हनच्या पुढच्या भागात किंचित बाहेर पसरवता येत असतील तर पसरवा. शीट आडवी ताणलेली राहते. किती, ते बघून ठरवा. जास्त झालं की शीट चेनच्या दातांपाशी फाटते. फाटण्याचं दुसरं कारण म्हणजे थंड काठ. पीपीच्या थंड काठात दात नीट घुसत नाहीत, तडकवतात. चेनमध्ये शीट शिरण्याआधी दोन्ही काठांना छोटे हीटर असतात ते पीपीवर चालू हवेत. एचआयपीएसवर ते बंद ठेवायची सवय असते.

खालचे हीटर वरच्यांपेक्षा कमी ठेवा, त्यातही मधल्या रांगा आणखी कमी. शीट मध्ये लोंबली की खालच्या हीटरच्या जवळ जाते, जवळ गेली की आणखी तापते, तापली की आणखी लोंबते. हे चक्र सुरू झालं की दोन-तीन शॉटमध्ये शीट जाळीवर पडते. मधली खालची रांग त्याआधीच कमी असली पाहिजे.

पातळपत्रा

खालची मधली रांग उतरवली, सायकल ५ सेकंद केली. झोळ निम्म्याने कमी. पण शीट डावीकडे सरकल्यासारखी वाटते आणि त्या बाजूला किंचित लाट उठते.

दाणेदार

ही ओव्हनची नाही, शीटची तक्रार असू शकते. एक्सट्रूडरच्या (शीट बनवणाऱ्या मशीनच्या) रोलवरून निघताना शीटमध्ये ताण गोठलेला असतो. तपासायला सोपं आहे. रुंदीच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागातून १०० बाय १०० मिमीचे तुकडे कापा. शीट ज्या दिशेने चालते ती बाण काढून लिहा. टाल्क पसरलेल्या सपाट पत्र्यावर ठेवून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण स्वच्छ होईपर्यंत राहू द्या, मग थंड करून मोजा. चालण्याच्या दिशेने थोडं आकुंचन सगळ्याच शीटमध्ये असतं, त्याने शीट ताणलेली राहायला मदतच होते. तिन्ही तुकड्यांत फरक पडत असेल तर मात्र झोनशी खेळत बसू नका. डाव्या तुकड्याने ३ टक्के आणि उजव्याने ७ टक्के आकुंचन दाखवलं तर ती शीट सरळ चालणारच नाही. रोलचं तापमान, शीट जिथून बाहेर पडते त्या डायच्या ओठांतली फट आणि ओढ, हे तिघं तिकडे बघायचं.

तसंच जाडी. रुंदीभर मायक्रोमीटरने मोजा. १.२ मिमीच्या शीटमध्ये ०.०५ मिमीचा फरकही ४ टक्के होतो, आणि पीपीची फट आधीच अरुंद.

साचेवाला

आता तळाकडे येऊ. आधी सरासरी जाडी काढा, म्हणजे अपेक्षा काय ठेवायची ते कळेल. ग्लासच्या बाजूंचं क्षेत्रफळ १९,७९० चौरस मिमी, तळाचं १,९६३, एकूण २१,७५३. तोंडाचं क्षेत्रफळ ४,४१८. म्हणजे शीट जवळजवळ ४.९ पट पसरते. १.२ मिमीला ४.९ ने भागलं की सरासरी ०.२४ मिमी. काठ सोडून ग्लासचं वजन साधारण ४.८ ग्रॅम येतं. कोपऱ्यात ०.१० आणि तळात ०.४५ येत असेल तर माल पुरेसा आहे, वाटप चुकलं आहे. शीट जाड करून हे सुटत नाही. ती सगळीकडे जाड होईल, आणि वजन वाढेल.

वाटप प्लग करतो. चपटा, बोथट टोकाचा प्लग माल तळाशी घेऊन जातो, निमुळता प्लग भिंतींवर सोडतो. प्लगच्या टोकाला शीट जिथे टेकते तिथे ती थंड होऊन जवळजवळ गोठते आणि नंतर फारशी ताणली जात नाही. तुमचा तळ जाड आणि कोपरा पातळ आहे, म्हणजे टोक फार रुंद आहे किंवा प्लग थंड आहे. एचआयपीएससाठी ॲल्युमिनियमचा प्लग लावला असेल तर पीपीवर तो शत्रूच. सिंटॅक्टिक फोमचा (पोकळ काचगोळ्या भरलेल्या रेझिनचा) प्लग घ्या, त्याची उष्णतावाहकता अगदी कमी असते. पॉलिॲसिटलचाही चालतो, पण गरम होऊन शीटला चिकटू लागला की आतल्या बाजूला कड्यासारखी खूण उमटते.

पातळपत्रा

प्लग नायलॉनचा आहे. टोकाचा व्यास ४४ मिमी, तळापासून ४ मिमी वर थांबतो.

साचेवाला

५० च्या तळात ४४ म्हणजे दोन्ही बाजूंना ३ मिमीच उरतात. सगळा कोपरा त्या ३ मिमीच्या पट्ट्यातून ताणून भरावा लागतो. टोक ३६ ते ३८ पर्यंत आणा, कडेला १० मिमी त्रिज्येची गोलाई द्या, आणि थांबायची जागा तळापासून ८ ते १० मिमी करा. एका वेळी एकच बदल, दहा शॉट घ्या, मधोमध उभा चिरून पाच जागी जाडी लिहा. तिन्ही बदल एकदम केले तर काय लागू पडलं ते कळत नाही.

तापमापी

हवेची वेळसुद्धा. प्लग खाली जात असतानाच हवा लवकर सुटली तर शीट प्लगवरून उठून भिंतींकडे जाते, तळ पातळ होतो. उशिरा सोडली तर माल तळातच अडकतो. पीपीवर हे शंभर मिलिसेकंदांतसुद्धा दिसतं. आणि सहाही कॅव्हिटींत हवा एकाच वेळी पोचते का ते बघा. शेवटच्या कॅव्हिटीची नळी लांब किंवा बारीक असली तर तिचा तळ कायम वेगळाच येतो आणि दोष मात्र हीटरवर जातो.

झोळकर

साच्याची भोकं तपासली का? वितळलेलं पीपी एचआयपीएसपेक्षा बारीक भोकात शिरतं. एचआयपीएसला चाललेलं ०.८ मिमीचं भोक पीपीच्या तळावर फोडासारखा टोचा काढतं. पातळ मालाला ०.३ ते ०.५ मिमी, मागून मोठं ड्रिल करून. आणि साचा आरशासारखा पॉलिश केला असेल तर पीपी लगेच चिकटून हवा कोंडते, तळ्यासारखे चट्टे पडतात. आतून बारीक सँडब्लास्ट केला की हवेला वाट मिळते.

कात्रण

झाकण ढिलं का, याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. एचआयपीएसचं आकुंचन ०.६ टक्के धरून साचा केला असेल. झाकण बसणारा व्यास ८०.० हवा असेल तर साच्यात ८०.४८ कापलेला असणार. पीपी १.७ टक्के आकसलं की त्यातून ७९.११ निघतो. जवळजवळ ०.९ मिमीची तूट. हे कुठल्याही सेटिंगने भरून येत नाही. पीपीचा साचा ८१.४ च्या आसपास हवा. १.५ ते २ टक्के हा पल्ला आहे, पण नेमका आकडा तुमच्या शीटवर, तुमच्या थंडाव्यावर मोजून काढायचा. कारण साचा जितका गरम, थंड होणं जितकं सावकाश, तितके स्फटिक जास्त आणि आकुंचन जास्त. साच्याच्या पाण्याचं तापमान दिवसभरात १५ वरून २५ वर जात असेल तर व्यास सकाळी एक आणि दुपारी दुसरा येईल.

मोजायचं कधी? मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजलं तर मोठं दिसतं. बहुतेक आकुंचन पहिल्या काही तासांत होतं, पण स्फटिक नंतरही वाढत राहतात. २४ तासांनी मोजलेला आकडाच कागदावर लिहा, झाकणाच्या साच्यासाठी ४८ तासांचा.

पातळपत्रा

मग साचा नवीनच. ट्रिमिंग प्रेस तरी तीच चालेल का? काठावर कट एका बाजूला सरकतो, बाहेरच्या कॅव्हिटींत जास्त.

कात्रण

आकडा मांडून पाहू. ६ कॅव्हिटी, पिच ८५, म्हणजे मधल्या रेषेपासून शेवटच्या कॅव्हिटीचं केंद्र २१२.५ मिमी. १.७ टक्क्यांनी ते ३.६ मिमी आत येतं. हा ठराविक भाग कापायच्या डायमध्ये आधीच धरता येतो. पण आकुंचन ०.२ टक्क्यांनी वर-खाली झालं तर शेवटच्या कॅव्हिटीत ०.४ मिमीची चूक येते आणि ती डायमध्ये धरता येत नाही, कारण ती कायम बदलते. फॉर्मिंग आणि ट्रिमिंगच्या मध्ये शीट अजून थंड होत असते, मशीन दोन मिनिटं थांबलं तरी फरक पडतो. म्हणून पीपीचे ग्लास जिथे मोठ्या प्रमाणावर निघतात तिथे बहुधा साच्यातच फॉर्म करून तिथेच कापतात. आकुंचन व्हायच्या आधीच कट बसलेला असतो.

वेगळी प्रेस ठेवायचीच असेल तर प्रत्येक ग्लासला स्वतःचं सेंटरिंगचं कडं द्या आणि पंचेस थोडे तरंगते ठेवा, म्हणजे प्रत्येक पंच आपापला ग्लास शोधून बसतो.

केसांचं म्हणाल तर एचआयपीएसमध्ये पातं अर्धवट शिरलं की पुढचा भाग तडकून तुटतो. पीपी तडकत नाही, ते चिवट आहे, शेवटच्या मायक्रॉनपर्यंत कापावं लागतं. पातं किंचित बोथट किंवा पंच आणि डायमधली फट जास्त असेल तर शीट फटीत दुमडते, ओढली जाते आणि केस लोंबतो. पातळ पीपीला ही फट एक-दोन शतांश मिमीपर्यंत आणावी लागते. एचआयपीएसची डाय तशीच लावून धार करत बसलात तर आठवड्याला धार आणि तरीही केस. एक खूण सांगतो: केस काठाच्या एकाच बाजूला असतील तर धार नाही, डाय सरकली आहे. गोल सगळीकडे असतील तर धार.

झोळकर

केस आणि धूळ ग्लासात राहतात ते वेगळंच. पीपीवर स्थिर वीज बसते, केस चिकटतो, फुंकून जात नाही. ट्रिमनंतर आयनवाली हवा हवी.

पातळपत्रा

एक पर्याय सुचवला गेला आहे: शीट वितळवूच नका, १५५ अंशांवर ठेवून दाब वाढवून फॉर्म करा. ग्लास जास्त स्वच्छ निघतात म्हणे.

तापमापी

याला घन अवस्थेतलं फॉर्मिंग म्हणतात. होमोसाठी १५० ते १५८ च्या आसपास, वितळणबिंदूच्या जरा खाली. झोळ नाही, कारण शीट अजून घट्ट आहे. साखळ्या ताणाच्या दिशेने लागतात म्हणून ग्लास ताठ आणि स्वच्छ. दाब जास्त लागतो, प्लगलाही जोर लागतो, आणि हलक्या मशीनचं प्लेटन (साचा धरणारी जाड पाटी) वाकू शकतं.

साचेवाला

इथे माझा विरोध आहे. स्वच्छपणा खरा, पण त्या ताणलेल्या साखळ्यांना परत जायचं असतं. गरम द्रव ओतला किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की तो ग्लास आकसतो, तोंड वेडंवाकडं होतं. पीपी घ्यायचं मुख्य कारणच उष्णता सोसणं हे असतं, आणि तेच आपण गमावतो. गरम भरायचा माल वितळवूनच फॉर्म करावा. थंड पेयाचा ग्लास असेल तर घन अवस्था ठीक.

तापमापी

मान्य. गरम भरायच्या मालाला ती पद्धत नको. पण वितळवूनही स्वच्छपणा हवा असेल तर सॉर्बिटॉल वर्गातला क्लॅरिफायर असलेला रँडम कोपॉलिमर घ्या आणि साचा थंड ठेवा. क्लॅरिफायरमुळे स्फटिक असंख्य पण बारीक होतात, प्रकाश कमी विखुरतो. रँडमची फट होमोपेक्षा थोडी रुंदही असते. ताठपणा कमी होतो, तेवढा काठाच्या वळणात भरून काढायचा.

दोन्हीच्या मधल्या तापमानाला चालवू नका मात्र. १६० च्या आसपास शीटचा काही भाग वितळलेला आणि काही भाग घट्ट असतो. एकाच रांगेत एक ग्लास स्वच्छ, एक धुरकट. असा माल दिसला की समजायचं, आपण फटीच्या कडेवर बसलो आहोत.

दाणेदार

स्क्रॅपबद्दल. गोल ग्लास, चौकोनी पिच. काठासकट ८० मिमीचा गोल ५,०२७ चौरस मिमी, पिचचा चौकोन ७,२२५. म्हणजे ३० टक्के शीट ग्लास कापल्यावर जाळी म्हणून उरते, त्यात चेनच्या कडा आल्या की ३५ च्या वर. हे सगळं परत एक्सट्रूडरला जाणार. पीपी खराब होतं तेव्हा साखळ्या तुटतात, म्हणून एमएफआय वाढतो. ताज्या दाण्याचा ३ असेल आणि रीग्राइंडचा (दळलेल्या स्क्रॅपचा) ४.५ निघाला तर अँटिऑक्सिडंट संपत आलं आहे. ते मिसळलं की शीट त्याच सेटिंगला जास्त लोंबेल आणि मशीनवाला हीटर उतरवत बसेल. एमएफआयची नोंद रीग्राइंडच्या प्रत्येक लॉटची ठेवा, आणि मिश्रणाचं प्रमाण दर तासाला सारखं ठेवा. ४० टक्के कायम चालतं, २० आणि ६० आलटून पालटून चालत नाही.

आणि तुमच्याकडे एचआयपीएसही चालतं ना? ग्राइंडर वेगळा ठेवा. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. थोडं एचआयपीएस पीपीत गेलं तरी शीटमध्ये पापुद्रे आणि ठिपके येतात, ताणताना तिथेच भोक पडतं. शंका आली तर मूठभर चुरा साबणाच्या पाण्यात टाका: पीपी तरंगतं, एचआयपीएस बुडतं. टाल्कवाल्या पीपीवर ही युक्ती चालत नाही, तेही बुडतं.

काठावर

मध्येच विचारतो. ग्लास नाही, ४ मिमी कोपॉलिमर शीटचे मोठे ट्रे, कापलेली शीट फ्रेममध्ये धरून फक्त व्हॅक्यूमवर. ट्रे सपाट राहत नाहीत, मधून उचलले जातात.

झोळकर

जाड मालात वाकण्याचं कारण बहुतेक एका बाजूचा थंडावा असतो. साच्याला लागलेली बाजू आधी गोठते, हवेकडची बाजू मागाहून गोठते आणि मागाहून आकसते. ट्रे त्या मागाहून थंड झालेल्या बाजूकडे खोलगट होतो. साचा ६० ते ८० अंशांवर ठेवा आणि वरून पंखे जोरात चालवा, म्हणजे दोन्ही बाजूंचं अंतर कमी होईल. साच्यातून काढल्यावर लाकडी जिगमध्ये (आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीत) वजन ठेवून पूर्ण गार होऊ द्या. रुंद सपाट तळ कोरा ठेवू नका. थोडा फुगवटा किंवा आडव्या-उभ्या रिब द्या. पूर्ण सपाट पीपी ट्रे कागदावरच सपाट असतो.

शीट दोन्ही बाजूंनी तापवा. खाली फोटोसेल असेल तर झोळ ठराविक अंतरावर आला की खालून हलकी हवा सोडता येते. नर साचा (ज्याच्यावर शीट चढते तो) असेल तर ड्राफ्ट (भिंतींचा उतार) ५ ते ७ अंश द्या, नाहीतर ट्रे आकसून साच्याला आवळून बसतो. मादी साच्यात ३ अंशांवर भागतं, कारण माल आकसून भिंतीपासून सुटतो.

काठावर

पीपी आधी सुकवावं लागतं का? शीटमध्ये बुडबुडे आहेत.

दाणेदार

साधं पीपी पाणी शोषत नाही, सुकवायची गरज नाही. पीईटी, पीसी आणि एबीएसची ती सवय आहे. टाल्कवाली शीट उघड्यावर दमट जागी पडली असेल तर टाल्क ओलावा धरतो, तेव्हा ८० अंशांवर काही तास ठेवून बघा. टाल्क नसूनही बुडबुडे असतील तर ते एक्सट्रूडरमध्ये अडकलेल्या हवेचे, किंवा कातडी अति तापल्याचे. दुसरं असेल तर बुडबुडे हीटरच्या खाली एकाच जागी येतात.

पातळपत्रा

प्लगचं टोक ३७, थांबा ९ मिमी, सायकल ५ सेकंद. कोपरा ०.१९, तळ ०.२८ आला. पण मशीन सकाळी सुरू केल्यावर पहिला अर्धा तास कोपरे परत पातळ येतात. मग आपोआप सुधारतं.

साचेवाला

आपोआप काही सुधारत नाही, तीन गोष्टी गरम होत असतात: ओव्हनच्या भिंती, चेनचे रूळ आणि प्लग. थंड प्लग टेकला की शीट टोकापाशी लवकर गोठते, म्हणून कोपरा पातळ. प्लगमध्ये कार्ट्रिज हीटर बसवून ८० ते १०० अंशांवर धरला तर हा अर्धा तास बराच कमी होतो. शीटचा रोल थंड गोदामातून थेट मशीनवर चढवू नका, आदल्या रात्री मशीनशेजारी आणून ठेवा. मोठ्या रोलच्या गाभ्यातली थंडी तासा-दोन तासांत जात नाही.

आणि त्या अर्ध्या तासात सेटिंगला हात लावू नका. कोपरा पातळ दिसला म्हणून हीटर चढवला, तर प्लग गरम झाल्यावर तोच चढवलेला हीटर झोळ आणतो, मग तो उतरवायचा, असं दुपारपर्यंत चालतं. आधीच्या दिवशीचं सेटिंग लावा, माल बाजूला काढत राहा, प्लगचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहा. ते दोन वेळा सारखं आलं की मग पहिला ग्लास चिरायचा.